कोरडे धबधबे बघणाऱ्या विहिणी

होळी होऊन गेली, आमच्या पुंडलिकनगरच्या गल्लीत पाण्याचे टँकर यायला लागले, तरी यंदा गयाबाईंचा फोन आला नाही. दरवर्षी तो या दिवसांत यायचाच. "कांदा काढायला अजून आठ-पंधरा दिस हायेत, येता का तळ्यावर?" एवढंच विचारायच्या आणि उत्तर न ऐकताच फोन ठेवून द्यायच्या, कारण उत्तर त्यांना ठाऊक असायचं. यंदा म्हटलं, आपणच करावा. फोन एका तरुण बाईनं उचलला. गयाबाई आहेत का, असं विचारलं तर उलट प्रश्न, "आपण कोण बोलताय?" मी म्हटलं, संभाजीनगरहून बोलतेय. "ते झालं, पण कोण?" … आता काय सांगणार? विहीण म्हणावं, तर माझी लेक त्या घरातून बाहेर पडून सात-आठ वर्षं झाली. मैत्रीण म्हणावं, तर साठी उलटलेल्या दोन विहिणी मैत्रिणी असतात हे कुणाला खरं वाटलं असतं? शेवटी ती पोरगीच म्हणाली, "आई गेल्या हो. माघातच गेल्या. दोन दिसांच्या तापाचं निमित्त झालं." ही त्यांची सून. माझ्या लेकीच्या जागी आलेली.

रडू आलं नाही. नुसता थकवा आला. चालायचं संपलं की पिंडऱ्यांत उतरतो तसला. बाई जाऊन महिना उलटून गेला आणि मला कुणी कळवलं नाही, याचा राग धरावा तर कुणावर धरावा? मयताचा निरोप सोयऱ्यांना जातो, आणि मी कागदोपत्री सोयरी राहिले नव्हते. गयाबाईंच्या त्या छोट्या फोनमध्ये माझं नावसुद्धा नसणार. त्यांच्या फोनमध्ये कुणाचंच नाव नव्हतं, आवाजावरून त्या माणूस ओळखायच्या.

आमची ओळख विहिणी म्हणून झाली आणि विहिणींची होते तशीच झाली. म्हणजे रुसव्याफुगव्यांनी. मानाच्या साडीचा काठ त्यांना बारीक वाटला, आणि पंगतीत माझ्या नणंदेला कुणी पुन्हा विचारलं नाही म्हणून आमच्याकडचे फुगून बसले. वैजापूरचं खातंपितं शेतकरी घर, चार भावांची भाऊकी, आणि आम्ही शहरातली नोकरदार माणसं. लग्नानंतरच्या गुढीपाडव्याला दोन्ही घरांनी मिळून कुठंतरी जावं असं ठरलं, तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले, गौताळ्याला जाऊ. कन्नडच्या पुढं डोंगरात तळं आहे, तळ्याच्या काठानं चालत गेलं की एकामागून एक धबधबे. वीज मंडळातल्या मैत्रिणींबरोबर मी एकदा श्रावणात तिथं जाऊन आले होते, तेच चित्र डोक्यात. चैत्रात आपल्या डोंगरांची काय दशा असते, हे सगळा जन्म मराठवाड्यात काढून मला सुचू नये! पहिल्या कड्याखाली पोहोचलो, तर काळ्या खडकावर वाळक्या शेवाळाचा एक लांब पट्टा, आणि खालच्या डोहात पालापाचोळा. आमचे हे आणि गयाबाईंचे मालक तात्या एकमेकांकडे बघून हसायला लागले. त्या दोघा व्याह्यांचं जमलं ते तिथंच. गयाबाईंनी पदर सारखा केला आणि वरमाईच्या थाटात म्हणाल्या, "इहीणबाई, आधी सांगायचं तरी. पाणी आम्ही घरून आणलं असतं."

मला इतकं लागलं की विचारू नका. मी म्हटलं, पुढच्याला असेल. बाकीचे झाडाखाली डबे सोडून बसले, माझ्यामागून आल्या त्या फक्त गयाबाई. मला खोटं पाडायलाच आल्या होत्या, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. दुसराही कोरडा निघाला. तिसऱ्याशी पोहोचेपर्यंत दोघी घामाघूम, दोघींच्या चपला दगडांनी उसवलेल्या, आणि तिथं कड्याच्या भेगेतून करंगळीएवढी एक धार पाझरत होती. आवाजसुद्धा नव्हता तिला. गयाबाईंनी पदराचं टोक त्या धारेखाली धरलं, तोंडावरून फिरवलं, आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "हाय बरं का." परत आल्यावर सगळ्यांसमोर त्यांनीच ठणकावून सांगितलं, "तिसऱ्याला पाणी हाय. लई हाय!" त्यांच्या घरचं कुणी उठून बघायला गेलं नाही, कारण गयाबाई हाय म्हणाल्या म्हणजे ते होतंच. माझी लाज अशी माझ्या विहिणीनं राखली. जग विहिणींबद्दल काहीही म्हणो.

पुढच्या वर्षी फोन त्यांचाच आला. "तिसऱ्याचं पाणी बघून येऊ." आणि मग हे दरसालचं झालं. मी शहरातून, त्या वैजापूरहून, कन्नडच्या स्टँडवर भेटायचो आणि पुढं एखादी जीप धरायचो. मला कुणी ना कुणी विचारायचंच, की अहो, धबधबे बघायला उन्हाळ्याच्या तोंडाशी कोण जातं? श्रावणात जावं. पण श्रावणात तिथं पाय ठेवायला जागा नसते, पोरं शिट्ट्या मारत ओरडत असतात, आणि पाण्याच्या आवाजात शेजारच्या माणसाचं बोलणं कळत नाही. आम्ही जायचो तेव्हा तळं अर्ध्यावर आलेलं असायचं. काठाला भेगाळलेल्या चिखलाचा रुंद पट्टा, त्यात गुरांच्या खुरांचे ठसे, पलीकडं पाण्यात उभे दोन-चार बगळे. पळस तेवढा पेटलेला, बाकी डोंगर उघडा. पायवाटेवर सागाची वाळकी पानं पापडासारखी मोडत जायची. त्या पुढं, मी मागं. तळ्याची कड संपली की पहिला कडा, मग चढ, मग दुसरा. तिसऱ्याशी बसून भाकरी खायची आणि आल्या वाटेनं परत. कधी ती धार असायची, कधी नुसता ओला डाग असायचा. गयाबाई तळवा लावून बघायच्या आणि म्हणायच्या, "हाय."

मग पोरांचं मोडलं. कोणाचं चुकलं ते मी इथं लिहिणार नाही, एक तर ते दोघांचं त्यांचं आहे, आणि दुसरं म्हणजे मला ते आजही नीटसं माहीत नाही. माझी मेघना एक दिवस बॅग घेऊन आली ती परत गेली नाही. बैठका झाल्या, मध्यस्थ झाले, मग कोर्ट. कोर्टाच्या व्हरांड्यात ते लोक एका बाकावर आणि आम्ही दुसऱ्या. गयाबाई समोर बसलेल्या असायच्या आणि आम्ही दोघी एकमेकींच्या पायांकडं बघत राहायचो. त्या मधल्या काळातच आमचे हे गेले. तेव्हा निरोप धाडायचा की नाही यावर आमच्या घरात खल झाला आणि धाडायचा नाही असं ठरलं. गयाबाई तरीही आल्या. मागं उभ्या राहिल्या, कुणाशी बोलल्या नाहीत, आल्या तशा गेल्या. आणि होळी झाल्यावर फोन आला. "कांदा काढायला अजून आठ-पंधरा दिस हायेत…"

मेघनाला ते मुळीच आवडलं नाही. ती पुण्याला नोकरी करते, फोनवर तिचा आवाज चढला, "ज्या घरातून मी बाहेर पडले, त्या घरच्या बाईबरोबर तू सहलीला जातेस?" तिचं बरोबर होतं. मी एवढंच म्हटलं की ही सहल नाही, चालून येते. त्या वर्षी दुसऱ्या कड्याशी गयाबाईंचं आणि माझं कडाक्याचं भांडण झालं. "तुमची पोर आमच्या घरात रमलीच नाय," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, तुमच्या संदीपनं रमू दिलं का? मग काय, दोन बायकांनी इतकी वर्षं गिळलेलं सगळं बाहेर पडलं. साडीच्या काठापर्यंत गेलो मागं! तिसऱ्याला गेलोच नाही. परत येताना त्या तळ्याच्या एका टोकाला आणि मी दुसऱ्या, मधे सगळं पाणी. जीपच्या थांब्याशी पोहोचले तर त्या उन्हात उभ्या होत्या. पाण्याची बाटली पुढं करून म्हणाल्या, "प्या. ऊन लई हाय. राहिलेलं भांडण फुडल्या साली करू." ते राहूनच गेलं. विषय काढायला दोघींच्याही अंगात त्राण नव्हतं, आणि खरं सांगायचं तर नंतर त्यात काही उरलंही नव्हतं.

मागच्या वर्षी आम्ही शेवटचं चाललो. शेवटचं आहे हे कळायला काही मार्ग नव्हता. त्या दर पंधरा-वीस पावलांना टेकत होत्या, मीही टेकत होते, आणि एरवी दोन तासांचं चालणं दुपार कलली तरी संपेना. दुसऱ्याच्या चढावर माकडांनी आमची भाकरी पळवली. गयाबाईंनी त्यांना वैजापुरी शिव्या घातल्या आणि मग हसता हसता दगडावर बसून राहिल्या. तिसऱ्याला हात लावायला मी एकटी पुढं गेले. खडक कोरडा ठणठणीत होता. मी परत येऊन सांगितलं, "आहे."

तर हे सगळं असं. फोननंतर दोन दिवस मी घरातल्या घरात फिरत राहिले. भेटायला जावं तर काय म्हणून जावं? आमच्यात मयत झालेल्या घरी सोयरे आपल्याकडून स्वयंपाक करून नेतात, त्याला कडू घास म्हणतात. त्या घरची चूल थंड असते, तो सोयऱ्यांनी भरवायचा घास. त्याचे दिवस केव्हाच टळले होते, गोड जेवणही होऊन गेलं असणार. आणि शेजारपाजारचा परका माणूस भेटायला जातो तेव्हा रिकाम्या हातानं जातो, पाणीही न पिता उठतो. मी यातली कोण? शेवटी मेघनाला फोन करून सांगितलं, गयाबाई गेल्या. ती म्हणाली, "जा तू. मी त्यांना शेवटपर्यंत आईच म्हणत होते." सकाळी उठून मी ज्वारीच्या भाकरी टाकल्या, पिठलं केलं, डबा बांधला. एसटीत तो मांडीवर ठेवून बसले. लासूर स्टेशनला बस थांबली, तेव्हा उतरून परतीची धरावी असं अगदी मनात आलं. या वयात कुणी दारातून परत पाठवलं तर ते झेपणार नव्हतं.

गाववस्तीतल्या बायका भेटायला आल्या की दारातच गळा काढतात आणि घरातल्या बायका धावत येऊन गळ्यात पडतात. मी दारात उभी राहिले. कुणी आलं नाही. ओसरीवर बसलेल्या बायका नुसत्या बघत राहिल्या, कारण मला कवळ घालून गळ्यात पडायचं की नाही हे त्यांनाही कळेना. सून बाहेर आली, तिनं चादर टाकली आणि डब्याकडं बघत राहिली. तो हातात घ्यावा का, हे तिला कोणी शिकवलेलं नव्हतं. संदीप आतल्या दारात आला, मला बघून जागीच थांबला. मी डबा बाजूला ठेवून बसले. तात्या बाजेवर होते. आधीच अबोल माणूस, आता तर फारच वाळलेले. त्यांनी विचारलं, "तळ्यावर तुम्ही दोघी बोलायच्या काय?"

मला वाटलं काहीतरी चांगलं सांगावं. या माणसाला जपून ठेवायला काहीतरी द्यावं. पण खोटं सुचेना. मी म्हटलं, "फारसं काही नाही, तात्या. पाय दुखतात म्हणायच्या. मी म्हणायचे, माझेही दुखतात. दमले म्हणायच्या. मी म्हणायचे, मीही दमले. बसायचो… आणि परत यायचो."

तात्या माझ्याकडं बघत होते. "एवढ्या वर्सात," ते म्हणाले, "ह्या घरात ती दमले म्हनली नाय कधी. पाय दुखत्यात म्हनली नाय. मी बी इचारलं नाय, मला वाटलं हिचे पाय लई चांगले हायेत…" पंच्यानं त्यांनी डोळे पुसले. "बरं झालं. कुणापाशी तरी म्हनली." मग मान न वळवता, "सूनबाई, ताट आन. सोयऱ्यांचा घास आलाय."

सुनेनं डबा घेतला नाही, ताट माझ्यापुढं ठेवलं. म्हणजे मीच वाढायचं. तात्यांनी भाकरी मोडली आणि खाली मान घालून जेवायला लागले. मी दुसरी भाकरी वाढत होते, तेव्हा संदीप आला आणि त्याच ताटाशी खाली बसला. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. मी त्याच्याही पुढ्यात भाकरी ठेवली. मग ओसरीवरची एक म्हातारी उठली, माझ्या शेजारी येऊन बसली आणि माझ्या गळ्यात पडून मोठ्यांदा रडायला लागली, आणि त्या फोनपासून माझ्या आत साचलेलं सगळं तिथं वाहून गेलं.

मयताच्या घरातून निघताना 'येते' म्हणत नाहीत. मुकाट्यानं उठायचं असतं. रिकामा डबा पिशवीत घालून मी उठले, पायरी उतरले, आणि कन्नडच्या स्टँडवर गयाबाईंना म्हणायची सवय, तेच तोंडातून निघालं, "येते हं." ओसरीवरच्या बायका चपापल्या. सुनेनं तोंडाला पदर लावला.

तात्या बाजेवरून उठून उभे राहिले आणि म्हणाले, "या, इहीणबाई."