एक शनिवार अमेरिकेचा, एक इंग्लंडचा

किस्से सरकारी फायलींसारखे असतात. एक निकाली काढावी, तर तिच्याखालून दोन निघतात. चौतीस वर्षं कारकुनी केल्यावर वाटलं होतं, कॅनडात टोरंटोजवळ व्हिटबीला मुलीकडे आलो की ढिगारा संपेल. पण इथे जोसेफचं बेसमेंट भेटलं.

जोसेफ मूळचा वसईचा, वॉनमधल्या एका वेअरहाऊसमधून रिटायर झालेला. दर शनिवारी दुपारी दोनला त्याच्या बेसमेंटमध्ये आम्ही सिनेमा बघतो. आम्ही म्हणजे जोसेफ, त्याची बायको आग्नेसताई, पुण्याचे रिटायर्ड इंजिनीअर देवधर आणि मी. जोसेफ अमेरिकन पक्षाचा, देवधर ब्रिटिश पक्षाचा. आठ वर्षांची ओळख, तरी दोघं एकमेकांना अहो-जाहो करतात. भांडण नको म्हणून एक शनिवार अमेरिकेचा, एक इंग्लंडचा, असा करार झाला. मला सगळे 'भाऊसाहेब' म्हणतात, त्यामुळे पाहिलेल्या सिनेमांचं रजिस्टर आपोआप माझ्याकडे आलं.

शेऱ्याच्या रकान्यात मी थोडक्यात लिहितो. अमेरिकन: 'नायक वाचला. शहर वाचलं नाही.' ब्रिटिश: 'नायकाला पत्र आलं. त्याने ते उघडलं नाही. पाऊस.'

*

या सिनेमांना इंटरव्हल नसतो. आम्हाला लागतो. देवधर एकूण मिनिटांना दोनाने भागतात आणि बरोब्बर त्या मिनिटाला थांबवतात, मग नायक कड्याला लटकत असला तरी. आग्नेसताई वरून गरम फुगे आणतात. फुगे म्हणजे वसईकडच्या ख्रिस्ती घरांतले तळलेले गोल पाव. नायक लटकलेला असताना ते फार चांगले लागतात.

एकदा ब्रिटिश सिनेमाच्या इंटरव्हलला आग्नेसताई वरून आल्या आणि विचारलं, "काय झालं आतापर्यंत?"

देवधर म्हणाले, "अजून व्हायचंय."

"मग इंटरव्हल कशाचा घेतलाय?"

*

असाच एक इंटरव्हल संपला, आणि रिमोट जोसेफच्या हातात होता. त्याने चुकून मागच्या शनिवारचा अमेरिकन सिनेमा मध्यापासून सुरू केला. गंमत म्हणजे दोन्हींत नट एकच. अमेरिकेला खलनायक हवा असला की ती इंग्लंडहून मागवते. आमच्या सिनेमात हा सद्गृहस्थ पाद्रीबाबांबरोबर चहा पीत होता. इंटरव्हलनंतर त्याने धरण उडवलं.

पाच मिनिटं आम्ही तोच सिनेमा समजून बघितलं. मग देवधर कौतुकाने म्हणाले, "बघा. किती दिवस मनात साठवलं असेल त्याने."

*

देवधरांचा मुद्दा असा, की ब्रिटिश सिनेमात माणसं खरी दिसतात. खरी घरं, खरे दात.

जोसेफ म्हणाला, "देवधर, मी सव्वीस वर्षं वेअरहाऊसमध्ये खरी माणसं बघितली. कोणी कोणाशी बोलत नसे, बाहेर अंधार, खिडकीला पाणी. तो सिनेमा मी पगार घेऊन पाहिलाय. आता जरा पूल उडताना बघू द्या."

देवधरांनी यावर मुकाट्याने दोन फुगे खाल्ले. हा त्यांचा एकमेव ज्ञात पराभव.

*

एका अमेरिकन सिनेमात न्यूयॉर्क उद्ध्वस्त होत होतं. उंच इमारती कोसळतायत, लोक पळतायत. आग्नेसताई पुढे झुकून म्हणाल्या, "अहो, हा आपला दातांचा डॉक्टर!"

खरंच टोरंटोतला त्याच्या दवाखान्याचा कोपरा होता. शूटिंग इथे स्वस्तात होतं म्हणे. पडद्यावर जगाचा अंत चालू होता आणि जोसेफ म्हणाला, "तुझी अपॉइंटमेंट मंगळवारची आहे ना? फोन करून विचार."

*

अमेरिकन सिनेमात माणसं फोन ठेवतानासुद्धा 'आय लव्ह यू' म्हणतात. इमारत जळत असली तरी म्हणतात. हे बघून एकदा आग्नेसताईंनी जोसेफला सर्वांसमक्ष विचारलं, "चाळीस वर्षांत तुम्ही मला एकदा तरी म्हणालात?"

जोसेफ पडद्याकडे बघतच म्हणाला, "बर्फ पडायच्या आधी तुझ्या गाडीला विंटर टायर दरवर्षी कोण चढवतं?"

देवधर उठले आणि त्यांनी जोसेफशी हस्तांदोलन केलं. "या, आमच्या पक्षात स्वागत आहे."

*

यंदा सप्टेंबरात जोसेफच्या मुलाने कॅल्गरीहून फोन केला. घर विका, इकडे या, तुमच्यासाठी खालची खोली तयार आहे. एक एजंट येऊन बेसमेंटची मापं घेऊन गेला. टेपचं दुसरं टोक मीच धरलं होतं. जोसेफ हो म्हणेना, नाही म्हणेना. मी आग्नेसताईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "मला तर इथेच बरंय. पण हे बोलतील तेव्हा खरं." मुलाला ऑक्टोबरातल्या थँक्सगिव्हिंगला उत्तर हवं होतं.

त्याच्या आधीचा शनिवार अमेरिकेचा होता. देवधर वेळेच्या आधी आले, कुरकुर न करता बसले. मला ते लक्षण काही बरं वाटलं नाही. बरोबर अर्ध्यावर त्यांनी सिनेमा थांबवला आणि रिमोट माझ्याजवळ ठेवला. पडद्यावर एक ट्रक हवेत होता.

देवधर उभे राहिले. हातात कागद होता, तो त्यांनी उघडला आणि परत खिशात ठेवला.

"जोसेफ," ते म्हणाले, "तू जाऊ नकोस. मला इथे दुसरं कोणी नाही. भाऊसाहेब आहेत, पण ते नुसतं लिहून घेतात. आय लव्ह यू, मॅन."

आग्नेसताई फुग्यांचं ताट घेऊन जिन्याच्या शेवटच्या पायरीवर तशाच थांबल्या. मी रजिस्टरमध्ये बघू लागलो. ट्रक हवेतच.

जोसेफ म्हणाला, "भाऊसाहेब, जरा रिमोट द्या."

उरलेला सिनेमा आम्ही पूर्ण बघितला. ट्रक पडला, शहर पडलं, नायक वाचला. वर येऊन आम्ही बूट चढवले, जॅकेटं घातली. जोसेफ दाराशी उभा होता. बाहेरच्या झाडाकडे बघत तो म्हणाला,

"देवधर, मंगळवारी गाडी घेऊन ये. विंटर टायर चढवून टाकू. उन्हाळ्याचे इथेच गॅरेजमध्ये राहू देत एप्रिलपर्यंत, तुझ्या कॉन्डोत कुठे जागा आहे?"

देवधरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"सकाळी आणू की दुपारी?"