कानाचा कौल

गॅरेजात सगळे त्याला 'कान' म्हणत, कारण तीस वर्षं तो इंजिनाला नुसता कान लावून बिघाड सांगायचा. आज मात्र त्याची मती गुंग झाली होती. स्कॅनरवर सेन्सर बिघडल्याचा कोड येत होता. त्याने सेन्सर दोनदा बदलला, कोड पुसला, तरी गाडी चालू केली की डॅशबोर्डवरचा इंजिन-बिघाडाचा पिवळा दिवा पुन्हा हजर!

"या डबड्याला काय कळतंय कप्पाळ!" तो स्कॅनरवरच डाफरला.

जेवणाचा डबा घेऊन आलेली बायको चालू इंजिनापाशी थबकली. "अहो, या रबरी नळीतून केवढी फुसफूस येतेय!"

त्याने नळी चाचपली. चीर सापडली. तिच्यावर बोट दाबताच थरथरणारं इंजिन शांत झालं.

"थांबली बघा फुसफूस," बायको म्हणाली.

फुसफूस त्याला आधीही ऐकू आली नव्हती.