दाणेमामांची अन्नसुरक्षा

धान्याच्या गोदामाच्या रखवालदाराला सगळे दाणेमामा म्हणत, कारण पोतं कोरडं की ओलं, हे ते दाणा दाताखाली फोडून सांगत. छप्पर वीस वर्षं गळत होतं, दर पावसाळ्यात धान्य कुजत होतं. नव्या पत्र्यांसाठी अर्ज करून करून मामांनी हात टेकले. अखेर शेतीतल्या गुंतवणुकीचा सरकारी पैसा आला, तर गोदामाच्या साहेबांनी शेजारी बैठकांसाठी थंडगार हॉल बांधला! पहिल्याच बैठकीचा विषय होता अन्नसुरक्षा.

त्या दिवशी धो धो पावसात साहेब पोचले. हॉल पोत्यांनी छतापर्यंत भरलेला आणि खुर्च्या गळक्या गोदामात मांडलेल्या.

"हा काय चावटपणा?" साहेब कडाडले.

मामांनी कटकन दाणा फोडला. "अन्न सुरक्षित आहे, साहेब. तुम्ही बसा, छत्री देतो."