बारा मिनिटांची हाक

“काढून टाकतो म्हणालो ना! रविवारी परत दाखवणार आहेत, त्याच्या आत तो सूर बदलतो. दिग्दर्शकाशी बोललोय मी.”

“पिक्चरमधून काढशील रे. आईच्या कानातून कोण काढणार?”

“ताई, हळू. ती आत जागी आहे.”

“असू दे. तिचं बोलणं तर तू बंद केलंसच, आता माझंही कर.”

इतका वेळ ताई टाचण्या दातांत धरून बोलत होती. आता तिनं त्या एकेक करून काढल्या आणि गादीच्या कडेला खुपसल्या. शिंप्याच्या दुकानातल्या पँटी ती टीप घालायला घरी आणते. मांडीवरची पँट घसरून फरशीवर पडली. तिनं उचलली नाही.

धाकटा भाऊ साऊंडवाला. स्टुडिओत त्याला ‘कानसेन’ म्हणतात, चहावाल्यासकट सगळे. सिनेमात हाड मोडतं तेव्हा हा कोबीचा दांडा मोडतो. नटी जिना उतरते तेव्हा हा तिचे उंच टाचांचे बूट घालून, पोट सावरत, लाकडी फळीवर चालतो. ते बूट त्यानं मुद्दाम आपल्या मापाचे करून घेतलेत. तीस वर्षं हेच. लग्न राहून गेलं. “तुझ्या बायकोनं भांडं आपटलं तर तू म्हणशील, परत एकदा आपट, नीट आलं नाही,” असं ताई म्हणायची, आणि आई पदर तोंडाला लावून हसायची.

दोन वर्षांपूर्वी आईला झटका आला. उजवी बाजू गेली, शब्द गेले. सूर राहिले. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी. मग घरानं नवी भाषा शिकून घेतली. पाणी हवं असलं की एक चाल, दिवा मालवायचा असला की दुसरी. आणि एक चाल फार जुनी: तीन सूर वर, एक लांबलचक खाली. ही दोघं लहानपणी खेळत असताना आई खिडकीतून याच चालीत बोलवायची. आता तिचा अर्थ एवढाच होता, की कुणीतरी या, मला उठवा.

यंदा टीव्हीसाठी भुताचा सिनेमा आला. जुना बंगला, बंद पियानो, मेलेल्या गायिकेची एक चाल. ती ज्याच्या कानावर पडेल, त्याच्या अंगात गायिका शिरणार. संगीतवाल्यानं दहा चाली ऐकवल्या, दिग्दर्शकानं दहाही परत पाठवल्या. “हे वाजवलेलं वाटतं हो. मला भुकेलेलं हवं. ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे, कुणीतरी आपल्यालाच बोलावतंय आणि आपल्याला जायला उशीर झालाय. कानसेन, सोमवारपर्यंत काहीतरी द्या.”

शनिवारी दुपारी ताई दुकानात होती. यानं आईच्या उशाशी माइक ठेवला, वायर दाराखालून ओढली आणि बाहेर हेडफोन लावून बसला. आईनं आधी काहीबाही गुणगुणलं. मग ती चाल सुरू झाली. याला अर्थ कळला नाही असं नाही. तो अर्धा उठलाही. पण दुसऱ्यांदा ती आली तेव्हा शेवटचा सूर किंचित फाटला, आणि हा परत खाली बसला. एकच मिनिट, स्वतःशीच म्हणाला. तिसऱ्यांदा आवाज चढला. मग धाप लागली. मग सुरांच्या जागी नुसती हवा. तीस वर्षांत असलं काही त्याच्या हाती लागलं नव्हतं. आत गेला तेव्हा बारा मिनिटं झाली होती आणि चादर ओली होती. त्यानं चादर बदलली, आईचं लुगडं बदललं. आईनं तोंड भिंतीकडे केलं. ताईला त्यानं सांगितलं, पाण्याचा पेला सांडला.

सिनेमा लागला त्या संध्याकाळी ताईनं आईला खुर्चीत बसवून टीव्हीसमोर आणलं. “बघ हं, तुझ्या लेकाचं नाव येणारे.” नाव आलं. पुढे नटीचे डोळे पांढरे झाले, तिनं तोंड उघडलं, आणि आईचा आवाज बाहेर आला. आईनं डावा हात उचलून आपल्याच गळ्यावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं एकदाच हाक घातली. वरच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं, “अहो, भूत आलं तुमच्याकडे!” आणि दोन-तीन माणसं हसली. तेव्हापासून आई गप्प. ताईनं उशाशी घंटी आणून ठेवली; ती हात लावत नाही. काल एकटीच उठायला गेली आणि मोरीच्या उंबऱ्याशी पडली. कोपर काळंनिळं झालं. ओरडलीसुद्धा नाही. ताईला ती सापडली तेव्हा फरशीवर पडून छताकडे बघत होती.

“डॉक्टर म्हणाले, पुन्हा पडली तर खुबा जाईल,” ताई म्हणाली. “आणि ती पडणार. कारण ती आता बोलावणार नाही.”

“मी रजा घेतो. दिवसभर बसतो तिच्याजवळ.”

“बसशील. तुला बसायची सवय आहे.”

“म्हणजे?”

“काल दुकानात परत पाहिला मी तुझा पिक्चर. मोबाईलवर, कानात घालून. आधी मला वाटलं, तू चार सेकंद घेतले असशील आणि मशीनवर लांबवले असशील. तसं करता ना तुम्ही?”

“हो. लांबवलंच थोडं.”

“मग धाप कुणाला लागलीय? मशीनला?”

त्यानं फरशीवरची पँट उचलून गादीवर ठेवली.

“दोन वर्षं मी तिच्या हाकेवर उठतेय,” ताई म्हणाली. आवाज आता खाली आला होता. “पहिल्यांदा बोलावते तेव्हा ती लाजत बोलावते. तिसऱ्यांदा चिडते. त्याच्या पुढचं मी कधी ऐकलंच नव्हतं. कारण तोवर मी पोचलेली असते.”

“ताई, मला वाटलं...”

“काय वाटलं ते नाही विचारत. त्या दिवशी पेला सांडला म्हणालास. मी धुतलीय ती चादर. मला पाण्याचा वास कळतो. तेव्हाही काही बोलले नाही, म्हटलं, झोप लागली असेल बिचाऱ्याला.” तिनं मान वर केली. “झोपला होतास का? एवढंच सांग. हो म्हण, मी विश्वास ठेवते. झोपला होतास ना?”

आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. पलंगावर आई टेकून बसली होती, आणि या दोघांकडेच बघत होती.

तो उठला. दाराशी जाऊन त्यानं चपलांत पाय घातले. एक नीट बसली, दुसरीचा पट्टा टाचेखाली दुमडला. तो सरळ करायला न थांबता, तसाच फरफटत, तो जिना उतरत गेला.