करंज तेलाचा वास

काल सांगलीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये आमच्या कुत्र्याच्या, मोतीच्या कानामागं गोचीड सापडली. औषधाची बाटली उघडली तर करंज तेलाचा वास, आणि मी थेट जतला, आमच्या मेंढ्यांच्या वाड्याशी जाऊन पोचले.

मेंढ्या कोंडून झाल्या की अण्णा, माझे वडील, राखणीच्या कुत्र्याला, वाघ्याला मांडीवर आडवं घेत. एकेक गोचीड काढून रॉकेलच्या डबीत टाकत, मग करंज तेल चोळत. भाकरी त्यानंतर. तीही अण्णांनी 'घे' म्हटल्याशिवाय वाघ्या तोंडात धरत नसे. कुणी विष घालू नये म्हणून लावलेली सवय ती.

अण्णांना मिरजेच्या दवाखान्यात नेलं, तेव्हा दोन दिवस तो उपाशी राहिला. मी किती वेळा 'घे' म्हणाले, तो मान फिरवायचा.

आई म्हणाली, "आदी त्येल चोळ त्याला. मग घाल."

मी चोळलं. भाकरी पुढं केली. त्यानं माझा तळहात बराच वेळ हुंगला आणि मग खाल्लं. तेव्हा मला वाटलं, त्यानं माझं ऐकलं.

अण्णा परत आले नाहीत.

काल मोतीला औषध लावून नळापाशी गेले, पण हात धुवावेसे वाटेनात.