माझ्या घरात कापूस राहत होता

दारव्हा सोडलं त्या सकाळी मी माझ्याच घरातून न्हाणीच्या दारानं बाहेर पडले. पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस भरलेला होता आणि पुढचं दार महिनाभर उघडतच नव्हतं. सोबत दोन बॅगा, शिलाई मशीनचं नुसतं डोकं, कारण त्याचा पायाचा सांगाडा कापसाखाली गाडला गेला होता, आणि बारा वर्षांची पल्लवी. काळीपिवळी जीपमध्ये बसताना नवरा म्हणाला, "जाऊन राह्यली तं जा. पण मांगचं दार लोटलं ना? कुत्रं शिरते कापसात." चौदा वर्षांच्या संसाराचा निरोप तो एवढाच.

गल्लीतल्या बायांनो, तुम्ही माझ्यामागं जे बोललात ते पुण्यात मला फोनवर शब्दन् शब्द पोचलं. म्हणून हे लिहिते, तुमच्यासाठी आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांसाठीही. नवरा पीत नव्हता, मारत नव्हता, दुसरी बाईही नव्हती. मी कापसापायी निघाले. हसायचं असेल तर हसा.

बोंडअळीची आणि पडलेल्या भावाची ती वर्षं. भाव येईपर्यंत कापूस घरातच ठेवायचा ही आपल्याकडची रीत, त्यात नवल काही नाही. पण बाकीच्यांनी होळीपर्यंत वाट पाहिली आणि विकून टाकला. दिलीपनं विकला नाही. (आता नावानं लिहिते. तेव्हा 'पल्लवीचे बाबा' म्हणायची.) आधी पुढची खोली भरली, मग झोपायची, मग माझी शिवणाची, गिऱ्हाइकांच्या ब्लाउजांसकट. दुसऱ्या हंगामाचा कापूस पहिल्याच्या डोक्यावर चढला. जुन्या कापसानं अंगाला खाज सुटते. पोरगी शाळेत हात खाजवत बसायची आणि मास्तर तिला वेगळं बसवायचे. आम्ही तिघं स्वयंपाकघरात ओट्याखाली पाय घालून झोपायचो. काही म्हटलं की एकच उत्तर, "थांब ना व थोडी. भाव येऊन राह्यला." आणि हा माणूस दिवसभर पानठेल्यावर. चीनमध्ये किती कापूस पिकला हे त्याला तोंडपाठ, पोरीची सहामाही कधी हे विचारा, तर नाही.

ते घर कोणाचं, हेही सांगते. प्लॉट माझ्या बाबांनी दिलेला. ते शाळेत शिपाई होते. लग्नात सगळ्यांसमोर म्हणाले होते, "प्लॉट पोरीच्या नावानं ठेवून राह्यलो. उद्या तुले कोणी नीघ म्हटलं, तं म्हण, तूच नीघ." त्यावरच्या तीन खोल्या आणि स्वयंपाकघर मी शाळेचे गणवेश शिवून उभं केलं. आणि निघालं कोण? मीच. बाबा असते तर डोक्याला हात लावून बसले असते.

पुण्यात एका मोठ्या शोरूममध्ये मी अल्टरेशनला लागले. शिफ्ट, टार्गेट, वीकऑफ, सगळं शिकले. मॅडम लोक कुर्ता पुढं करून विचारतात, "प्युअर कॉटन आहे ना हो?" काय सांगू त्यांना? त्याच्या शेजारी झोपलेय मी. धनकवडीत एक खोली आहे. घरमालकानं भिंतीत खिळा ठोकायचा नाही अशी अट घातलीय. खिडकीतून दुसऱ्याची खिडकी दिसते. दारव्ह्याचं अंगण आठवतं, नाही असं नाही. पण अंगण आठवलं की त्याच्या काठावर उकिडवा बसलेला दिलीपही आठवतो, मग मी कामाला लागते.

घटस्फोटाला दोघंही राजी होतो. अडलं ते घरापाशी. माझे भासरे, म्हणजे दिलीपचा थोरला भाऊ, तडजोडीच्या बैठकीत म्हणाले, "बाईले घर कायले पायजे? नवऱ्याचं तेच तिचं." मी नवराच सोडत होते, हे त्यांच्या ध्यानात आलं नसावं. दिलीपनं मुदत मागितली. घरात कापूस आहे, भाव आला की खाली करतो. आणि मी शहाणीनं मुदत दिली. एकदा नाही, तीनदा. कापसाला घराबाहेर काढणं माझ्याही जिवावर आलं, म्हणजे बघा आपण कोणत्या मातीचे.

शेवटी मी पल्लवीला घेऊन स्वतःच गेले. दाराला कुलूप. शेजारच्या शोभाताई म्हणाल्या, "तो कुठं राह्यते इथं? वर्ष झालं, भावाच्या वरांड्यात झोपते. खाजीनं हैरान झालता." खिडकीतून पाहिलं. पिवळा पडलेला कापूस, त्यात उंदरांनी पाडलेली भोकं. ज्या घरासाठी हा माणूस चार वर्षं भांडत होता, त्यात तो राहतसुद्धा नव्हता. आणि मी? मी ते पल्लवीसाठी राखते आहे असं मनाशी म्हणत होते. पल्लवीनं नाकाला ओढणी लावली आणि म्हणाली, "आई, मला यातलं काही नको." पोरगी सोळा वर्षांची, पण आमच्या दोघांपेक्षा तिला अक्कल जास्त.

गोदामाला जागा शोधणारा एक अडत्या होता. त्याला मी घर विकायचं ठरवलं. भासरे तरातरा आले. "घराचं गोदाम करून राह्यली तू?"

भासऱ्यांसमोर मान वर करून बोलायची आपल्यात पद्धत नाही. त्या दिवशी बोलले. "भाऊजी, गोदाम तुमच्या भावानं केलं. मी फक्त विकून राह्यली."

पुढं वाद नको म्हणून अडत्यानं अट घातली होती, त्यामुळं रजिस्ट्रीच्या दिवशी संमती देणारा म्हणून दिलीपलाही सही करायची होती; सोबत भासरे आले होते. कारकुनानं राहण्याचा पत्ता विचारला. मी धनकवडीचा सांगितला, अकरा महिन्यांच्या कराराच्या खोलीचा, पिनकोडसकट. दिलीपनं आमच्या घराचा सांगितला.

"ते तं आत्ता विकलं ना भाऊ," कारकून म्हणाला. "तुम्ही कुठं राह्यता?"

दिलीपनं भावाकडे पाहिलं. भासरे भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले. मग तो माझ्याकडे वळला. "काय सांगू व मी?"

अठरा वर्षांत त्यानं मला विचारलेला हा पहिला सल्ला. या घडीची मी किती वाट पाहिली होती, आणि आली तेव्हा मजाच वाटली नाही. नुसती कीव आली, आणि त्या किवेचाही राग आला. मी म्हटलं, "भाऊजींच्या घराचा सांगा. भाऊजी, घर नंबर बोला ना, साहेब थांबलेत." भासऱ्यांना नंबर सांगावा लागला. आवाज इतका बारीक, की कारकुनानं दोनदा विचारला.

मी सही केली आणि पल्लवीला घेऊन स्टँडवर आले. घर म्हणजे काय, असं आता मला कोणी विचारलं तर फार काही सांगता येणार नाही. पत्ता सांगताना मला कोणाच्या तोंडाकडे पाहावं लागत नाही. माझ्यापुरतं घर तेवढंच आहे.