अंगठ्याच्या नखातला नवरा

माझा नवरा धडधाकट असताना मी त्याला एकदा मारून टाकलेलं आहे. तेही भरदुपारी, सगळ्या आळीसमोर.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तेलगावात तेव्हा घरांवरून केबलच्या तारा लोंबायला लागल्या होत्या, आणि रंगीत टीव्ही आणायला हे सकाळीच माजलगावला गेलते. "जेवायला येतोच," म्हणाले. आमची जेवणं झाली, भांडी घासून झाली, तरी यांचा पत्ता नाही!

आत्या (म्हणजे माझ्या सासूबाई) ओट्यावरून हलेनात. "कावून आला नसंल गं? रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या लई झाल्यात."  आणि नेमकं तेव्हाच मला आठवलं, की आपल्याला विद्या येते! (बसस्टँडवर घेतलेलं भविष्य पाहण्याचं पुस्तक. अर्धंच वाचलेलं.)

मूठभर गहू घेऊन जोड्या लावल्या. सगळ्यांची जोडी जमली तर शुभ. एक दाणा उरला! मूठच चुकली असेल म्हणून पुन्हा घेतली. पुन्हा एक! तो मी पटकन तोंडात टाकला. (आत्यांनी बघितलं.)

मग महादेवाला कौल लावला. पिंडीच्या दोन्ही बाजूंना ओली फुलं चिकटवली. उजवं पडलं तर माणूस सुखरूप. पण उजवंही पडेना, डावंही पडेना.

"फुंकर मारू का?" मी विचारलं.

"देवाला फुंकर मारती व्हय!" आत्या एवढ्यानं ओरडल्या, की डावं फूल टपकन पडलं!

 आता राहिलं होतं फक्त अंजन; त्यात म्हणे लांबचं माणूस दिसतं. अंगठ्याच्या नखावर तेलात कालवलेलं काजळ चोपडलं, नख डोळ्यांपुढं धरलं आणि टक लावली.

"काय दिसतंय?"

"काळं."

"ते काजळच हाय. आजून?"

"लाल... लाल कायतरी. गोल."

"रगत!" आत्यांनी हंबरडाच फोडला.

तो ऐकून शेजारच्या गोदाकाकू धावत आल्या. "कोण गेलं?" उत्तर मिळेना, तेव्हा त्याही रडायला बसल्या. बघता बघता अंगण भरलं. दुकानातून मामा, म्हणजे माझे सासरे, पळत आले.

"काय झालं?"

"रगत दिसलं!"

"कुठं?"

"नखात!"

मामांना काहीच कळलं नाही, पण ते मटकन खालीच बसले. मी तर ओक्साबोक्शी रडत होते. एवढी माणसं रडतायत म्हणजे खरंच असणार!

आणि तेवढ्यात हे वळणावर उगवले, डोक्यावर खोकं घेऊन. गावाबाहेर ट्रॉली उलटून रस्ता बंद झालेला, म्हणून बस सोडून पायी आलेले. दारात गर्दी, आत आईचा आक्रोश! "आरं देवा, माझा बाप गेला!" म्हणत यांनी दोन्ही हात छातीवर मारून घेतले. दोन्ही हात! खोकं धाडकन खाली.

"आरं, मी हितं हाय की बे!" गर्दीतून मामा उठले.

रडणं एकदम थांबलं. मी धावत जाऊन यांचा हात धरला तो सोडेचना. यांनी माझा काळा अंगठा पाहिला, सगळं ऐकलं आणि नख परत माझ्या तोंडापुढं धरलं. "लाल व्हय? आगं येडे, तुझ्याच कपाळाचं कुंकू हाय ते!"

 मामांनी खोकं हळूच हलवून पाहिलं. आत काचा खुळखुळल्या.

"सूनबाई," ते अगदी शांतपणे म्हणाले, "नखात हे न्हाई दिसलं?"

दिसलं असतं, मामा. पण मधे माझंच डोकं आलं होतं!